घर सगळ्यात शेवटी पाहा : दूरच्या बेटावर राहायला येऊ इच्छिणाऱ्यांना खुले पत्र

बेटावरच्या गावात घर किंवा जमीन घ्यायच्या विचारात असलेल्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

तुमचे प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. खोल्या किती, खिडकीतून समुद्र दिसतो का, आवार केवढं, दर काय. या सगळ्यांची उत्तरं मनासारखी मिळूनही घर राहण्याजोगं निघत नाही, असं दुर्गम बेटांवर फार वेळा होतं. मग दोन-तीन वर्षांत घराला कुलूप लागतं आणि गावातली एक चूल विझते.

आम्ही अशा गावांमध्ये होड्या चालवणारे, भिंती बांधणारे आणि जमिनीचे कागद लावून देणारे लोक आहोत. तुम्ही यावं आणि टिकावं असं आम्हाला मनापासून वाटतं. बारमाही राहणारी माणसं कमी झाली की होडीच्या फेऱ्या कमी होतात, शाळेचा पट घसरतो, दुकानदार माल आणेनासा होतो. म्हणून कळकळीने सांगतो, घर सगळ्यात शेवटी पाहा. आधी धक्का, मग धक्क्यापासूनची वाट, मग पाणी, मग कागद. हा क्रम उलटा केला की पुढची प्रत्येक गोष्ट महाग पडते.

धक्का पाहायचा तो ओहोटीला, आणि तोही अमावस्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत. उधाणाच्या त्या दिवसांत पाणी जितकं वर चढतं तितकंच खालीही जातं. भरतीला सगळेच धक्के देखणे दिसतात. तळाच्या ओहोटीला कळतं की होडीखाली किती पाणी उरतं, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ किती आहे, होडी धक्क्याला लागते की अलीकडेच चिखलात बसते आणि उरलेलं अंतर गुडघाभर पाण्यातून सामान डोक्यावर घेऊन तोडावं लागतं. म्हाताऱ्या माणसाला किंवा पोटुशी बाईला त्या वेळी चढवता-उतरवता येईल का, हे तिथे उभं राहूनच ठरवा.

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. ज्या धक्क्याला ओहोटीत पाणी पुरत नाही तिथली होडी आज सकाळी ८ ला सुटत असेल तर आठवड्याने दुपारी २ च्या सुमारास सुटेल. ‘रोज सकाळची होडी आहे’ असं कुणी सांगितलं की पुढचा प्रश्न लगेच विचारा : भरतीवर अवलंबून आहे की नाही? मुख्य भूमीवर रोजची नोकरी, मुलांची शाळा, दवाखान्याची वेळ ठरलेली असेल तर या एका उत्तरावर तुमचा निर्णय फिरू शकतो. भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक जेमतेम जाणवतो. तिथे हा प्रश्न सुटतो, वाऱ्याचा मात्र सुटत नाही.

ओहोटी एकसारख्या वेगाने उतरत नाही, हेही ध्यानात घ्या. सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक अशा बाराव्या हिश्शांनी उतरतं असा ढोबळ हिशेब सगळीकडचे खलाशी धरतात. भरती-ओहोटीत ४ मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात पाणी ३३ सेंटिमीटर खाली जातं आणि मधल्या दोन तासांत तब्बल २ मीटर. जड सामान उतरवायला भरतीच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास, एवढाच वेळ हातात असतो. त्या वेळी होडीचा काठ धक्क्याच्या जवळपास समपातळीत राहतो आणि फळी आडवी टाकता येते. मधल्या तासांत फळी उभी होत जाते, गोणी घेतलेल्या माणसाचा पाय सरकतो. दोर आखूड बांधले असतील तर होडी दोरांना लटकते आणि खुंट उपटतो किंवा होडी कलते. म्हणून दोराची लांबी भरती-ओहोटीच्या फरकाच्या तिप्पट तरी ठेवायची : ४ मीटरच्या फरकाला १२ मीटर.

हवेचं सांगायचं तर, वाऱ्याचा नुसता वेग विचारून काही कळत नाही. धक्क्याचं तोंड कोणत्या दिशेला आहे आणि लाट कुठून येते, ते महत्त्वाचं. वारा पडल्यावरही दूरवरच्या वादळाची लांब लाट दोन-दोन दिवस येत राहते. आकाश निरभ्र असतं, समुद्र वरून शांत वाटतो आणि धक्क्यापाशी होडी मीटर-दीड मीटर वर-खाली होत असते. दुसरी अडचण अरुंद सामुद्रधुनीत येते. प्रवाह एका दिशेला आणि वारा त्याच्या विरुद्ध असला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. तोच वारा प्रवाहाच्या दिशेने असता तर होडी सहज गेली असती. त्यामुळे होडी चालवणाऱ्या तांडेलाने ‘तीन तास थांबा’ म्हटलं तर घाई करू नका. तो प्रवाह उलटायची वाट पाहत असतो.

फेऱ्यांची नोंदवही मागून पाहा. वर्षात एकूण किती फेऱ्या रद्द झाल्या हा आकडा फसवा असतो. सलग किती दिवस होडी लागली नाही, ते शोधा. वर्षभरात विखुरलेल्या तीस रद्द फेऱ्या कुणालाही झेपतात. सलग अकरा दिवस घर, दुकान आणि दवाखाना तिन्ही रिते करतात. घरातला साठा त्या सर्वांत लांब खंडाच्या दुप्पट ठेवायचा, असा आमचा सल्ला. असा खंड किती निर्णायक ठरतो ते इतिहासात नोंदलेलं आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या सेंट किल्डा बेटावर माणसांची वस्ती शतकानुशतकं होती. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेले ३६ रहिवासी स्वतःच सरकारकडे अर्ज करून बेट सोडून गेले. काम करू शकणारे हात कमी पडले होते आणि हिवाळ्यात बाहेरच्या जगाशी भरवशाचा संपर्क नव्हता. आयर्लंडचं ग्रेट ब्लॅस्केट १९५३ मध्ये रिकामं झालं, त्यामागेही खराब हवेत डॉक्टर आणि मदत न पोहोचणं हे मोठं कारण होतं. उलट दक्षिण अटलांटिकमधलं ट्रिस्टन दा कुन्हा पाहा. १९६१ मध्ये ज्वालामुखीमुळे सगळ्यांना इंग्लंडला हलवलं आणि १९६३ मध्ये बहुतेक जण परत आले. तिथे आजही विमानतळ नाही, केपटाउनहून जहाजाने साधारण आठवडाभर लागतो आणि समुद्र खवळलेला असेल तर जहाज पोहोचूनही माणसं उतरवता येत नाहीत. तरी गाव आहे, कारण तिथलं जगणं या खंडांचा हिशेब धरूनच उभं केलेलं आहे.

स्वतःची होडी घेतली की प्रश्न मिटला, असं अनेकांना वाटतं. ज्या हवेत प्रवासी होडी निघत नाही त्या हवेत तुमची लहान होडी तर मुळीच निघू नये. शिवाय तिला रात्री ठेवणार कुठे? ओढून वर काढायला उतार हवा, नाहीतर पहिल्याच वादळात ती जाते. घ्यायचीच असेल तर इंधनाचे तीन भाग करा : एक जायला, एक यायला, एक हात न लावायचा. खाऱ्या पाण्यात चालवलेलं, होडीच्या बाहेरच्या बाजूला बसवायचं इंजिन दर वेळी दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवून धुवायचं. नाहीतर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटांमध्ये मीठ जमून ते तापतं. हे पाणी खेचणारा रबरी पंखा (इंपेलर), स्पार्क प्लग आणि इंधनाचा फिल्टर यांचे जादा नग होडीतच असू द्या. मोबाइलच्या भरवशावर समुद्रात जाऊ नका. व्हीएचएफ रेडिओ संच ठेवा, संकटाच्या हाकेसाठी चॅनेल १६ आहे.

आता वाट. धक्का ते घर हे अंतर मीटरमध्ये मोजा, चढ मोजा आणि सर्वांत अरुंद जागेची रुंदी मोजा. हातगाडी जाते का? पायऱ्या किती? कारण बांधकामाचा खर्च या वाटेवरच वाढतो. एक घनमीटर काँक्रीट म्हणजे ५० किलोच्या साधारण ८ गोण्या सिमेंट, जवळपास ७०० किलो वाळू, साधारण ११०० किलो खडी आणि सुमारे २०० लिटर गोडं पाणी; सगळं मिळून जवळजवळ २.४ टन. ६० चौरस मीटरचा, १२५ मिलिमीटर जाडीचा साधा स्लॅब धरला तर साडेसात घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे १८ टन. हे वजन ट्रकमधून धक्क्यावर, धक्क्यावरून होडीत, होडीतून पलीकडच्या धक्क्यावर आणि तिथून घरापर्यंत, असं चारदा उचललं जातं. होडी एका खेपेला एक टन नेत असेल तर नुसत्या स्लॅबसाठी सतरा-अठरा खेपा, आणि त्याही भरतीच्या वेळा साधून.

चूक होते ती सामान आणण्याच्या क्रमात. स्लॅब एकसंध ओतायचा असतो, म्हणून सगळं सामान आधी घराशी हवं. लोक सवलत मिळते म्हणून सिमेंट आधी आणतात, मग खडी अडकते, मग हवा बिघडते, आणि दमट हवेत तीन महिने पडलेल्या सिमेंटची ताकद पाचव्या हिश्शाने किंवा त्याहून जास्त घटते. गोणीत गाठी झालेल्या असतात, त्या फोडून वापरल्या जातात आणि स्लॅब कच्चा राहतो. खडी आणि वाळू आधी, सळया नंतर, सिमेंट सर्वांत शेवटी, तेही फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, प्लास्टिकने झाकून. वाळू संपली म्हणून किनाऱ्यावरची उचलायचा मोह कधीही करू नका. तिच्यातल्या मिठामुळे आतली सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि काँक्रीट आतून फुटतं. छताचे पापुद्रे पडलेलं, लाल रेघा उतरलेलं जुनं घर दिसलं की गिलाव्याचा खर्च विचारू नका. तिथे सळई गेलेली असते. नव्या कामात सळईवर काँक्रीटचं कव्हर ४५ ते ५० मिलिमीटर ठेवा. उघड्यावरचे स्क्रू आणि बिजागऱ्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. ३०४ दर्जावर खाऱ्या वाऱ्यात लवकरच तपकिरी डाग येतात.

छपराबद्दल एकच सांगतो, पण ते विसरू नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि वारा छपराला खाली दाबण्यापेक्षा वर उचलतो. पत्रा वाशाला, वासा भिंतीच्या माथ्याला आणि माथा पायाला पट्ट्यांनी बांधलेला हवा. ही साखळी कुठेही तुटली की तिथूनच छप्पर जातं. जुनं घर घेताना माळ्यावर चढून या पट्ट्या डोळ्यांनी पाहा.

पाण्यावर आम्ही सर्वांत जास्त लिहितो आहोत, कारण घरं सोडून जाण्याचं हे मुख्य कारण. लहान बेटाच्या पोटात गोडं पाणी असतं ते खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या थराच्या रूपात. समुद्रसपाटीच्या वर जर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. बेडन गायबेन आणि हर्झबर्ग या अभियंत्यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. यातला धोका उलट बाजूने वाचा : जास्त उपसा करून वरची पातळी अर्धा मीटर खाली नेली की कालांतराने खालचं खारं पाणी २० मीटर वर सरकतं. म्हणून बेटावर ‘आणखी खोल बोअर मारा’ हा सल्ला घातक आहे. उथळ, रुंद विहीर आणि लहान पंप जास्त वेळ चालवणं, हेच इथे टिकतं. शेजाऱ्याने मोठा पंप बसवला तर फक्त त्याचीच विहीर बिघडेल असंही नाही. थर सगळ्यांचा एकच.

विहिरीची परीक्षा कोरड्या ऋतूच्या शेवटी करा. तासभर पंप चालवा आणि सुरुवातीचं आणि शेवटचं पाणी क्षार मोजायच्या मीटरने तपासा. लिटरला ६०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेलं पाणी चवीला चांगलं, हजाराच्या वर ते नकोसं होतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे शंभरात दोनच भाग मिसळले तरी ७०० मिलिग्रॅम वाढतात. तासाभरात आकडा चढत गेला तर विहीर तुम्हाला उन्हाळा काढून देणार नाही. भरतीला आणि ओहोटीलाही पातळी मोजा. फरक मोठा असेल तर तिचं समुद्राशी सरळ नातं आहे असं समजा.

भरवसा छपरावर पडणाऱ्या पावसाचा धरावा. बर्म्युडात नदी नाही की ओढा नाही. तिथे घराच्या छपरावर पाऊस धरून टाकीत साठवणं कायद्यानेच बंधनकारक आहे आणि चुना दिलेली पांढरी पायऱ्यापायऱ्यांची छपरं त्यासाठीच असतात. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. १०० चौरस मीटरच्या छपरातून, गळती आणि उडणं वजा जाता, मिलिमीटरला ८० लिटर हाती येतात. चार माणसं, माणशी ५० लिटर, म्हणजे दिवसाला २००. कोरडे दिवस १२० असतील तर २४,००० लिटर, त्यावर पाव भाग जादा धरून ३०,००० लिटरची टाकी. ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद, २ मीटर खोल. ती भरायला ३७५ मिलिमीटर पाऊस पुरेसा. तुमच्या बेटावरचे कोरडे दिवस आणि पाऊस घालून हाच हिशेब पुन्हा करा.

टाकीत पाणी जाण्याआधी छपरावरचं मीठ, धूळ आणि पक्ष्यांची घाण वाहून जायला हवी. त्यासाठी पहिल्या १ मिलिमीटरचं, म्हणजे या छपराचं १०० लिटर पाणी बाजूला काढायचं. बरेच जण त्यासाठी चार इंची नळी उभी करतात; तिच्यात मीटरला जेमतेम ८ लिटर मावतात, मग दोन मीटरच्या नळीने काय होणार? शंभर लिटरचं पिंप लावा आणि तळाला अगदी बारीक धार सोडणारी तोटी ठेवा, म्हणजे दोन सरींच्या मधे ते आपोआप रिकामं होतं. टाकीत येणारी नळी तळापर्यंत नेऊन तिचं तोंड वर वळवा, म्हणजे गाळ ढवळत नाही. बाहेर जाणारी नळी तळापासून १५ सेंटिमीटर वर. उजेड आत गेला तर शेवाळ धरतं. प्रत्येक तोंडाला बारीक जाळी नसली तर डास होतात. शौचालयाची टाकी पाण्यापासून उताराच्या खालच्या बाजूला आणि शक्य तेवढी दूर हवी. पोवळ्याच्या किंवा वाळूच्या जमिनीतून घाण वेगाने झिरपते, नेहमीचं १५ मीटरचं अंतर तिथे पुरत नाही.

विजेचं थोडक्यात. रोज ३ युनिट वापरणाऱ्या घराला, दिवसाला चार तास चांगलं ऊन धरलं तर, १ किलोवॅटचे सौर पॅनेल पुरतात. ढगाळ हवेचे दोन दिवस काढायचे तर ६ युनिट वापरता आली पाहिजेत : लिथियमची बॅटरी साडेसात युनिटची, शिसं-आम्लाची १२ युनिटची, कारण ती निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते. स्कॉटलंडच्या एग बेटाने २००८ पासून जलविद्युत, वारा आणि सूर्य एकत्र जोडून आपलं स्वतःचं जाळं चालवलं आहे. तिथे प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॅट आणि व्यवसायाला १० किलोवॅट एवढीच मर्यादा आहे. पाणी तापवणं, कपडे धुणं, स्वयंपाक एकाच वेळी करायचा नाही, एवढी शिस्त सगळ्यांनी पाळली म्हणून गावाला चोवीस तास वीज मिळाली.

आता कागद. बेटावरच्या मालमत्तेत तीन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, वारस. तीन पिढ्यांपूर्वीच्या माणसाच्या नावावर घर असतं, वारस चार देशांत पांगलेले असतात, आणि गावात राहणारा एक जण सगळ्यांच्या वतीने विकायला निघतो. त्याच्याकडे प्रत्येकाचं मुखत्यारपत्र किंवा हक्कसोडपत्र आहे का, ते मूळ कागदावर पाहा. झेरॉक्सवर विसावू नका. दुसरं, वाट. धक्क्यापासून घरापर्यंतची पायवाट कुणाकुणाच्या जमिनीतून जाते? वर्षानुवर्षं सगळे जातात म्हणून जाता येईल, हे पायी जाण्यापुरतं खरं. तुम्ही त्याच वाटेने खडीच्या गाड्या न्यायला लागलात की हरकत येते. रस्त्याचा हक्क, त्याची रुंदी आणि सामान नेण्याची मुभा खरेदीखतात लिहून घ्या. पाण्याच्या नळीला आणि विजेच्या तारेलाही हेच लागू. तिसरं, समुद्राकडची हद्द. भरतीची रेषा हीच हद्द असेल तर किनारा खचला की जमीनही कमी होते, आणि भरती-ओहोटीच्या मधला पट्टा बहुतेक देशांत खासगी नसतो. ‘स्वतःचा धक्का बांधता येईल’ हे विकणाऱ्याचं आश्वासन परवान्याशिवाय फोल आहे. किनाऱ्यापासून अंतर सोडायचे नियमही पाहा. भूमध्य समुद्राच्या देशांनी २००८ मध्ये केलेल्या किनारा व्यवस्थापनाच्या करारात हा पट्टा १०० मीटरचा धरला आहे.

आणि बाहेरच्या माणसाला जमीन घेताच येते, हे गृहीत धरू नका. ट्रिस्टन दा कुन्हावर जमीन समाजाची सामाईक आहे, परक्याला विकली जात नाही. फिनलंडच्या ऑलंड बेटांवर जमीन घ्यायला तिथल्या रहिवासाचा खास हक्क लागतो, नसेल तर तिथल्या सरकारची परवानगी. स्कॉटलंडमध्ये क्रॉफ्ट, म्हणजे कसायची लहान जमीन, घेतला तर त्याच्या ३२ किलोमीटरच्या आत राहणं आणि जमीन कसणं ही कायद्याने आलेली जबाबदारी असते. या अटी जाचक वाटतील. आमच्या मते त्या योग्य आहेत. एग बेटावर १९९७ पर्यंत मालक एक आणि बाकीचे कच्च्या भाडेपट्ट्यावर होते. घरावर खर्च करायची कुणाची हिंमत होत नव्हती. त्या वर्षी रहिवाशांनी विश्वस्त संस्थेमार्फत बेटच विकत घेतलं. तेव्हा तिथे ६५ च्या आसपास माणसं होती, नंतर ती शंभराच्या वर गेली. जमीन राहणाऱ्याच्या हाती आली की गाव उभं राहतं, आणि सुट्टीपुरतं उघडणाऱ्या माणसाच्या हाती गेली की तेच गाव ओस पडतं.

औषधांचा साठा किमान चार आठवड्यांचा ठेवा. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावं लागतं, म्हणून फ्रिजची वीज बॅटरीवर वेगळी जोडा. वीज गेल्यावर न उघडलेला फ्रिज जेमतेम चार तास गारवा धरतो. बाळंतपणासाठी दिवस भरायच्या काही आठवडे आधीच मुख्य भूमीवर जाऊन राहावं लागतं, त्या मुक्कामाचा खर्च घराच्या हिशेबात आत्ताच धरा. गावात हेलिकॉप्टर उतरेल अशी ३० मीटर बाय ३० मीटरची मोकळी, सपाट जागा आहे का, तारा आणि झाडं किती जवळ, ते विचारा. तिथे सैल पत्रे, ताडपत्र्या पडू न देणं ही सगळ्यांची जबाबदारी असते.

जे आणाल ते कधीतरी परत न्यावं लागेल, हेही मनाशी धरा. बिघडलेला फ्रिज, मेलेल्या बॅटऱ्या, रंगाचे डबे पुरायला बेटावर जागा नाही. खाली तोच गोड्या पाण्याचा थर आहे. गॅसचे सिलिंडर आणि इंधन बऱ्याच ठिकाणी प्रवाशांसोबत नेत नाहीत, त्यांची फेरी वेगळी आणि महिन्यातून मोजकी असते. ती तारीख चुकली की चूल बंद.

शेजाऱ्यांची अपेक्षा फार नसते, पण पक्की असते. होडी लागताना धक्क्यावर असाल तर दोर धरायचा. कुणाचं जड सामान आलं तर हात लावायचा, आणि तुमच्या सामानाला हात लावणाऱ्यांचं ऋण लक्षात ठेवायचं. घर बंद ठेवून जाणार असाल तर किल्ली गावात ठेवा, टाकीचं पाणी गावाला वापरू द्या, पन्हाळी कोण साफ करणार ते ठरवून जा. फेऱ्यांच्या बैठकीला हजर राहा. वेळापत्रक पर्यटकांच्या सोयीने बदलायला निघालं की बारमाही रहिवाशांचे आवाजच ते थांबवू शकतात.

पाहायला यायचं तर सर्वांत वाईट ऋतूत या. घर भाड्याने घेऊन निदान दोन आठवडे राहा, परतीची तारीख ठरवू नका. सोबत क्षार मोजायचं मीटर, मोजपट्टी, टॉर्च आणि एक जड पेटी आणा. ती पेटी होडीतून उतरवून घरापर्यंत स्वतः न्या. गवंड्याला, तांडेलाला आणि दुकानदाराला वेगवेगळं भेटून एकच विचारा : मागच्या वर्षी सलग किती दिवस होडी लागली नाही? तिघांचे आकडे जुळले की मग विकणाऱ्याकडे जा आणि त्याला मूळ दस्त दाखवायला सांगा.

आपले,
बेटांवरचे तांडेल, गवंडी आणि मोजणीदार